सोनचाफ्याचं कलम पांढऱ्या चाफ्यावर बसत नाही

बडोद्यातल्या आपल्या मंडळींच्या फोनवर सध्या एक निरोप फिरतोय: ‘पांढऱ्या चाफ्याची फांदी खोचा, मूळ धरलं की तीच खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळांचं रोप) म्हणून वापरा आणि सोनचाफ्याचं कलम बांधा, दोन्ही चाफेच.’ हे चूक आहे. कृपया पुढे पाठवू नका.

नाव एक असलं तरी कुळं वेगळी. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला, आणि कवठी चाफाही. पांढरा, म्हणजे देवळाजवळचा खुरचाफा, कण्हेर-सदाफुलीचा भाऊबंद. तोडला की पांढरा चीक येतो, तो त्याचाच. इतक्या लांबच्या झाडांचे सालीखालचे वाढते थर एकमेकांत मिसळत नाहीत. वर बांधलेली सोनचाफ्याची काडी, म्हणजे कलमकाडी, काही दिवस हिरवी दिसते, ती स्वतःतल्या ओलाव्यावर. मग काळी पडते. हातची चांगली कलमकाडी अशी वाया गेलेली बघवत नाही.

खुंट सोनचाफ्याच्याच बियांचा करा. बी ताजं हवं, ठेवलं की उगवण झपाट्याने घटते. वरचा लाल गर चोळून धुवा आणि लगेच पेरा. रोप पेन्सिलीएवढं जाड होईपर्यंत थांबा, खोड सरळ ठेवा, खालचे फुटवे खुडत राहा. कलमकाडी खुंटाच्याच जाडीची निवडा. कोरड्या, मरगळलेल्या रोपावर चाकू चालवू नका, आधी काही दिवस नियमित पाणी द्या. कलमकाडीचं पाचरीसारखं तासलेलं टोक खुंटाच्या चिरेत बसवताना निदान एका बाजूची साल सालीला भिडलीच पाहिजे. बडोद्याच्या मे महिन्यात हे करूच नये. पावसाळी दमट हवा बरी. जोडाखालून आलेला प्रत्येक फुटवा काढायचा, नाहीतर खुंटच झाड होऊन बसतो.