१९५५ च्या ‘आदर्श पत्नी’चं ते पान खोटं आहे

माझी भाची नुकतीच बाळंत झाली आहे. टाके ओले आहेत, रात्रीची झोप नाही. अशात सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खास तिला टॅग करून एक पान आलं. इंग्रजी मासिकाचं कात्रण, वर ‘हाउसकीपिंग मंथली, १३ मे १९५५’, स्वयंपाक करणाऱ्या बाईचं चित्र आणि चांगल्या पत्नीसाठी नियम. नवरा यायच्या आत जेवण तयार ठेवा, केसांत रिबीन बांधा, मुलांना गप्प करा, आधी त्याला बोलू द्या कारण त्याचे विषय तुमच्यापेक्षा महत्त्वाचे आहेत, तो रात्रभर बाहेर राहिला तरी तक्रार करू नका. खाली मराठीत पुस्ती: ‘जुनी मासिकं हे शिकवत, म्हणून आया सुखी होत्या. बाळंतपणाचा बाऊ नव्हता, कुणी कुरकुरत नव्हतं, बायका नोकरीच्या मागे नव्हत्या. पुढे स्त्रीवाद्यांनी बाहेरून येऊन घरं मोडली. आपल्याकडची मासिकंही अशीच होती.’

“मावशी, हे खरं आहे का गं?” असं तिने विचारलं. म्हणून हे लिहिते आहे.

पहिलं म्हणजे ते पानच बनावट आहे. ‘हाउसकीपिंग मंथली’ नावाच्या मासिकाचा असा अंक आजवर कुणालाही दाखवता आलेला नाही. ‘गुड हाउसकीपिंग’ हे खरं मासिक, १८८५ पासूनचं, पण ते वेगळं. पानावरचं चित्र ‘जॉन बुल’ या ब्रिटिश साप्ताहिकाच्या १९५७ च्या मुखपृष्ठावरून उचललेलं आहे. १९५५ च्या अंकात १९५७ चं चित्र कसं येईल, एवढा प्रश्न तरी पुढे ढकलण्याआधी पडायला हवा होता.

आता सगळ्यात वाईट मुद्दा: ‘बाळंतपणाचा बाऊ नव्हता’. ओल्या बाळंतिणीला हे वाचायला लावणं हा दुष्टपणा आहे, आणि ते धडधडीत खोटंही आहे. ‘लेडीज होम जर्नल’ हे त्या काळातलं अमेरिकेतलं सर्वाधिक खपाच्या स्त्री-मासिकांपैकी एक. नोव्हेंबर १९५७ च्या अंकात त्यांनी एका नर्सचं पत्र छापलं. प्रसूतिगृहांत बायकांचे जे हाल होतात त्याची चौकशी करा, अशी तिची मागणी होती. त्यावर वाचक आयांच्या पत्रांचा पाऊस पडला आणि मे १९५८ च्या अंकात ‘प्रसूतिगृहांतली क्रूरता’ या विषयावर ती पत्रं छापून आली. बायकांनी काय लिहिलं होतं? हातापायांना पट्टे बांधून तासन्‌तास टेबलावर एकटं टाकून दिलं. गुंगीचं औषध देऊन चिमट्याने मूल ओढून काढलं. डॉक्टर अजून पोचले नाहीत म्हणून मूल बाहेर येऊ नये यासाठी पाय एकमेकांना बांधून ठेवले. कळा थांबवता येत नाहीत हे ज्या बाईला माहीत आहे, तिने या शेवटच्या वाक्यापाशी जरा थांबावं. हे सगळं मिक्सर आणि साबणाच्या जाहिराती छापणाऱ्या त्याच मासिकात आलं. त्या आया गप्प नव्हत्या. त्यांनी पत्रं लिहिली, आणि संपादकांनी ती छापली.

‘कुणी कुरकुरत नव्हतं’ हेही तसंच. ‘रेडबुक’ मासिकाने १९६० मध्ये वाचकांना विचारलं, तरुण आयांना अडकल्यासारखं का वाटतं? सुमारे २४ हजार उत्तरं आली. सुखी बायका इतक्या संख्येने कागद-पेन घेऊन बसत नाहीत.

नोकरीचं थोडक्यात. १९५५ साली अमेरिकेतल्या सज्ञान स्त्रियांपैकी पस्तीस टक्क्यांहून अधिक जणी कमावत होत्या किंवा काम शोधत होत्या. मासिकांतही त्या दिसत होत्या. जोअ‍ॅन मायरोविट्झ या इतिहासकार बाईंनी १९४६ ते १९५८ या काळातल्या आठ मासिकांतले ४८९ लेख वाचून काढले आणि १९९३ मध्ये निष्कर्ष मांडला: घरसंसाराचं कौतुक होतंच, पण घराबाहेर कर्तृत्व दाखवणाऱ्या स्त्रियांचंही तितक्याच मोकळेपणाने होतं, आणि बऱ्याचदा एकाच लेखात दोन्ही असायचं. ज्याला जुन्या मासिकांवर बोलायचं आहे त्याने निदान हे वाचावं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, नाइलाजाने. ते पान बनावट असलं तरी तसला उपदेश खऱ्या मासिकांत होता. ‘लेडीज होम जर्नल’मध्येच १९५३ पासून ‘हा संसार वाचेल का?’ अशा अर्थाचं सदर चाले, आणि संसार वाचवण्यासाठी बहुतेक वेळा बाईनेच जुळवून घ्यायचं असे. सुरुवातीला त्यामागे पॉल पोपेनो हे समुपदेशक होते, ज्यांनी त्याआधी ‘निकृष्ट’ माणसांची नसबंदी करावी असा प्रचार केला होता. संसाराचे सल्ले कुणाकडून येत होते ते यावरून कळावं.

आणि ‘बाहेरून आलेल्या’ स्त्रीवादी? १९६३ मध्ये गृहिणींच्या घुसमटीवर पुस्तक लिहिणाऱ्या बेटी फ्रीडन याच मासिकांच्या लेखिका होत्या, तीन मुलांची आई होत्या. १८ मार्च १९७० रोजी शंभराहून अधिक स्त्रिया ‘लेडीज होम जर्नल’च्या न्यूयॉर्कच्या कचेरीत शिरून अकरा तास ठिय्या देऊन बसल्या. त्यांतही मासिकांत काम केलेल्या कितीतरी जणी होत्या. मागण्या अशा: संपादक बाई हवी, कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी पाळणाघर हवं, ते संसाराचं सदर बंद करा. संपादकाची खुर्ची मिळाली नाही, पण ऑगस्टच्या अंकात आठ पानं त्यांना मिळाली.

राहिला ‘आपल्याकडची मासिकंही अशीच होती’ हा मुद्दा. विणकाम, पाककृती, पतिसेवा हे आपल्याकडेही होतं, कोण नाही म्हणतंय? पण १९३० मध्ये किर्लोस्करांचं ‘स्त्री’ सुरू झालं तेव्हापासून त्यात शिक्षण, प्रौढविवाह, बाईचं स्वतःचं मन यांवर चर्चा होती. त्याआधी, १९२७ मध्ये, र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढलं. मूल कधी आणि किती हवं हे बाईला ठरवता आलं पाहिजे, हे त्यांनी मराठीत, उघडपणे, महिन्यामागून महिने छापलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला, आणि मासिक त्यांनी १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं.