बाबांचे पैसे २०१२ च्या भावाने, माझं राहणं आजच्या भाड्याने

कॅलिफोर्नियात डिव्होर्स म्हणजे सगळं फिफ्टी-फिफ्टी, असं जो उठतो तो सांगतो. डोंबलाचं फिफ्टी-फिफ्टी!

२०१२ मध्ये घर घेतलं तेव्हा डाउन पेमेंट माझ्या बाबांनी दिलं, तळेगावचा प्लॉट विकून. इथल्या फॅमिली कोडचं कलम २६४० म्हणतं की ते पैसे फक्त माझे होते हे सिद्ध कर आणि परत घे, पण व्याज नाही, महागाई नाही, घराची किंमत दुपटीच्या वर गेली तरी मला तेच २०१२ चे डॉलर, बाकीची वाढ दोघांत अर्धी अर्धी. आणि सिद्ध कसं करणार? लेंडरला गिफ्ट लेटर लागतं, म्हणजे हे पैसे उसने नाहीत, भेट आहेत असं लिहून दिलेलं पत्र, ते लोन ऑफिसरने टाइप केलं, त्यात मुलगी आणि जावई दोघांची नावं, बाबांनी सांगितलं तिथे सही केली. आता नवऱ्याचा वकील तेच लेटर नाचवतोय, की बघा, गिफ्ट दोघांना होतं. दोघांना?? अहो, माझे बाबा जावयाला दिवाळसणाचं पाकीट देताना आतली नोट दोनदा मोजायचे!

बरं ते सोडा. हा घर सोडून गेला तेव्हापासून मॉर्गेज माझ्या पगारातून जातंय. त्याचा क्लेम करता येतो, एपस्टीन क्रेडिट म्हणतात, १९७९ च्या केसवरून, तेही जज देईल तर. म्हटलं चला, निदान एवढं तरी. तर समोरून लगेच वॉट्स चार्ज आला, ही १९८५ ची केस: घर दोघांचं, राहतेस तू एकटी, मग आजच्या मार्केट रेटने भाडं धर आणि त्यातलं अर्धं त्याचं. बे एरियाचं भाडं! त्याच्याच पोरीला घेऊन राहतेय मी इथे, कुणी पेइंग गेस्ट नाहीये. म्हणजे मी घातलेला पैसा जुन्या भावाने आणि मी वापरलेलं छप्पर आजच्या भावाने, आणि वजाबाकी करून हातात भोपळा. वर तिकडून सासूबाईंचा व्हॉइस मेसेज, "किती गं पैसा पैसा करतेस."

आणि हे सगळं मला समजावणारी माझी वकीलबाई सहा-सहा मिनिटांचं मीटर लावून बसलीये, परवा "ते गिफ्ट लेटर पुन्हा पाठव" एवढ्या एका ओळीच्या ईमेलचं पण बिल आलं.