टॉवरची पाठ आमच्याकडं

आमच्या वस्तीवर फोन लागत नाही असं म्हणणं फोनवर अन्याय होईल. लागतो की! पाण्याच्या टाकीवर चढून, उत्तरेच्या कोपऱ्यात उभं राहून, डाव्या कानाला धरला तर लागतो. उजव्या कानाला धरला की मध्ये माझं डोकं येतं आणि त्यातून काहीच आरपार जात नाही. हे शेवटचं निरीक्षण सौ.चं.

वस्ती मोहोळ तालुक्यात, सीना नदीच्या अलीकडं, गावापासून तीन किलोमीटर आत. नोकरी संपल्यावर सोलापूरचा फ्लॅट पोराच्या नावावर केला आणि ‘आता निवांत’ म्हणत इथं येऊन राहिलो. निवांतपणा मिळाला, पण तो इतका दाट असेल असं वाटलं नव्हतं.

गंमत म्हणजे टॉवर आम्हाला दिसतो. अंगणात खाट टाकून पडलं की त्याचा लाल दिवा समोर. दिसत नसता तर मन मारून बसलो असतो. पण समोर ताट वाढलेलं आणि तोंड शिवलेलं, अशातली गत. शेवटी कंपनीचा एक पोरगा आला. त्याला लांबोटीचा मक्याचा चिवडा, वर चहा दिला, तेव्हा त्यानं आतली गोष्ट सांगितली.

“काका, टॉवर म्हंजे काय बल्ब न्हाय, चारी बाजूंनी उजेड पडायला. वर ते पांढरे लांबडे डबे दिसत्यात का? तेंची तोंडं बघा. दोन हायवेकडं, एक गावठाणाकडं.”

“आणि आम्ही?”

“तुमी फटीत.”

म्हणजे पुण्याहून हैदराबादला शंभराच्या वेगानं जाणारा, मोहोळ कुठं आहे याची फिकीर नसलेला माणूस फुल्ल रेंजमध्ये रील बघत जाणार. आणि आजोबांपासून सातबाऱ्यावर असलेले आम्ही फटीत! पोरानं वहीत ‘साइट फिजिबल नाही’ असं लिहिलं, चिवड्याचा उरलेला पुडा खिशात घातला आणि गेला. ते ‘फिजिबल’ आता घरात रुळलंय. भाकरी करपली की सौ. म्हणते, आज चूल फिजिबल नव्हती.

तक्रार करावी तर फोन टाकीवरून. पलीकडची मुलगी विचारते, “सर, जवळचं लँडमार्क?” म्हटलं, म्हसोबा. “म्हसोबा हॉटेल का, सर?” नाही हो, म्हसोबाच, शेंदूर लावलेला. “सर, आवाज तुटतोय, जरा मोकळ्या जागेत येता का?” चहूबाजूंनी बारा एकर रान पसरलंय, मधोमध टाकीवर मी. याहून मोकळं व्हायचं तर आकाशातच जावं लागेल. तिसऱ्या दिवशी बाजाराला गेलो तर तिठ्यावर मेसेज टिंगटिंगला. तक्रारीचं यशस्वी निराकरण झालं होतं.

दळणवळणाशी आमचं कधी जमलंच नाही. वडिलांच्या काळात डबड्या फोनचा अर्ज केला होता. खांब आले, तार आली, फोनही आला आणि मृगाचा पहिला पाऊस पडताच मुका झाला. खांब नंतर गोठ्याला उपयोगी पडले. १५ जुलै २०१३ ला देशातली तारेची सेवा बंद झाली, तेही आम्हाला वर्षभरानं कळलं. कळवायचं तर कुणाला तरी तारच करावी लागली असती.

पण हे सगळं सोसलं असतं. खरा घोळ ओटीपीचा.

घरात दोन कंपन्यांची दोन सिमं आहेत. एकाचे मेसेज टाकीवर येतात, पण बोलणं तुटतं. दुसऱ्यावरून धड बोलणं होतं, पण बांधावरच्या लिंबाखाली. माझ्या पेन्शनची ऑनलाइन कामं पोरगा पुण्यात बसून करतो, ओटीपी माझ्या मोबाईलवर येतो आणि तो दहा मिनिटांत शिळा होतो. म्हणून आम्ही माणसं पेरतो. मी टाकीवर. सौ. अंगणात. चुलतभाऊ आण्णा बांधावर, दुसरा फोन कानाला लावून, पलीकडं पोरगा.

“आला!” मी ओरडतो. “चार! सात! शून्य!”

“चार, सात, शून्य!” सौ. बांधाकडं तोंड करून.

“चार, साठ...” आण्णा फोनवर.

“साठ नव्हे, सात! सातारच्यातला सात!”

“सातारचं काय झालं?” हे पलीकडच्या रानातून, खुरपणाऱ्या बायकांपैकी कुणीतरी. तिचं माहेर सातारचं.

बँक बजावते, ओटीपी कुणालाही सांगू नका. आमचा ओटीपी शिवारातल्या चार वस्त्यांना पाठ असतो. एकदा शेवटचा आकडा माझ्या लक्षातून गेला, तर त्याच बाईनं खुरपं न थांबवता सांगितला. बरोबर होता.

ई-पीक पाहणीचंही तसंच. पिकाची सरकारी नोंद करायचं ते ॲप २०२१ पासून आलंय. पिकाचा फोटो वावरात उभं राहून काढायचा, हे रास्तच आहे. नाहीतर लोक घरबसल्या केळी लावतील. पण वावरात पीक आणि टाकीवर रेंज. तुरीचं झाड उपटून टाकीवर न्यावं का, यावर मी आणि आण्णानं गांभीर्यानं चर्चा केली आहे.

शेवटी पोरानं पुण्याहून सिम घालायचा राउटर आणि बाहेर लावायचा अँटेना धाडला. माशाच्या काट्यासारखा दिसतो. आधी मेहुणा सिग्नलचा बूस्टर आणतो म्हणाला होता, पण सरकारी परवानगीशिवाय तो वापरणं बेकायदा. पेन्शनवाला माणूस असल्या भानगडीत पडत नाही. वीस फुटी जीआय पाइप स्लॅबवर उभा केला आणि आण्णाला वर चढवलं. मी खाली मोबाईलमधला रेंजचा आकडा वाचत होतो.

“उणे एकशे अठरा!”

“फिरवू का?”

“फिरव. उणे एकशे दहा. अजून थोडा. गेलं! मागं घे, मागं घे!”

आई दारात बसून शेंगा फोडत होती. “सगळं उणेच का रं?” मी समजावलं, यात उणेच असतं, आकडा जितका लहान तितकं चांगलं. “तुझं गणितही असंच होतं,” म्हणाली आणि शेंगा फोडू लागली.

उणे शहाण्णववर काटा थांबला. त्या रात्री सोलापुरातल्या बहिणीशी व्हिडिओवर बोललो. ती दिसली, मी दिसलो, दोघांनाही एकमेकांचं म्हातारपण बघून धक्का बसला. दीड महिना हे सुख टिकलं. मग वळवाच्या वादळानं पाइप वाकून नमस्कार घातल्यासारखा झाला. तो कापला, उरलेला आठ फूट तुकडा खिडकीशेजारी भिंतीला ठोकला. आकडा थोडा घसरला, पण भागत होतं.

आणि जुलैत आण्णानं घर आणि टॉवर यांच्या मधल्या चार एकरांत आडसाली ऊस लावला.

उसाचं मला पिकाखेरीज काही माहीत नव्हतं. पण तो बारा फूट वाढतो आणि त्याच्या पानापानांत पाणी असतं. रेंजच्या लहरी त्यात अशा जिरतात की पाऊस पडून गेल्यावर तर काही शिल्लकच राहत नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत आकडा शंभराच्या पलीकडं गेला, मग एकशे बारा. टाकीवरही हात टेकले. आडसाली म्हणजे सोळा ते अठरा महिने. बाकीचे लोक उसाला खत किती पडलं बघायचे, मी कांड्या मोजून किती बिनरेंजचे दिवस उरलेत ते बघत होतो.

न राहवून आण्णाला म्हटलं, “अरे, तिथं सोयाबीन लावलं असतंस तर?”

आण्णानं तंबाखू मळायची थांबवली. “रान तुमचं हाय, निम्म्या वाट्यानं मी करतोय. रेंजचं बिल तुमी भरताय, उसाचं बिल कारखाना देतोय. बोला, कुठलं पायजे?”

मी गप्प बसलो. निम्मा वाटा मोठा आहे.

आता डिसेंबर लागलाय, गळीत जोरात आहे. आमच्या दोन्ही अंगांचे फड मोकळे झाले, मधे आमचाच तेवढा उभा. ऊस तोडणारी टोळी कुठं अडकली म्हणून आण्णा रोज चिडचिड करत होता. काल मी औषधं आणायला मोहोळला गेलो. तिठ्यावर मोबाईल टिंगटिंगला. कारखान्याचा मेसेज होता: आपल्या प्लॉटची तोड मंजूर, टोळीसाठी चिटबॉयशी त्वरित संपर्क साधावा. तारीख नऊ दिवसांपूर्वीची.

चिटबॉय म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस. तो म्हणाला, तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून टोळी पुढं दिली. आता फेर पाळी येईल तेव्हा. मेसेज टाकतो की.

आज सकाळी साडेसहाला उठून बघतो तर आण्णा माझ्या आधीच टाकीवर. डाव्या कानाला मोबाईल, तोंड उसाकडं.