एंटरप्राइझच्या बशीवर चर नव्हते, पेन्सिल होती

सांगली, मिरज, सातारा, जिथं म्हणून कुणी ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ-मालिकेतल्या जहाजाचं प्लास्टिकचं जुळणी-किट चिकटवत बसलंय, तिथं सध्या एक संदेश फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: १९६६च्या मालिकेतल्या एंटरप्राइझ या अंतराळजहाजाच्या कवचावर पत्र्यांचे सांधे खोल कोरलेले होते, तेव्हाच्या टीव्हीवर ते दिसले नाहीत एवढंच. १९७९च्या चित्रपटानं ते सिद्ध केलं. म्हणून बशी, म्हणजे जहाजाचा पुढचा गोल चपटा भाग, गुळगुळीत ठेवणारा आळशी, आणि स्क्रायबरनं, म्हणजे कोरायच्या टोकदार हत्यारानं, चर पाडणारा खरा कारागीर. सोबत दोन फोटो, एक चित्रीकरणाच्या मॉडेलचा, एक चर पाडलेल्या किटचा. एकदा पाडलेले चर बुजवायला आठवडा जातो, तेव्हा कुणी हत्यार उचलायच्या आत उत्तर दिलेलं बरं.

आधी पहिला फोटो. तो चित्रीकरणाच्या खऱ्या मॉडेलचा आहे, यात वाद नाही. मालिकेचा कलादिग्दर्शक मॅट जेफरीजनं आखलेलं आणि रिचर्ड डेटिन व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली लाकूड, प्लास्टिक आणि पत्रा वापरून बनवलेलं हे ११ फुटी मॉडेल १९७४पासून अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. पण फोटोत पत्र्यांच्या कडांना जी काळपट छटा दिसते, ती १९९१च्या डागडुजीत चढवलेली आहे. मालिका तर १९६९ सालीच संपली. १९९१च्या त्या डागडुजीत बशीच्या वरच्या अंगाचा जुना रंग तेवढा जवळपास तसाच ठेवला, बाकी सगळं नव्यानं रंगवलं. २०१६ साली पूर्ण झालेल्या कामात ती काळी छटा काढून मूळ रंगाशी मेळ घातला गेला. म्हणजे पुरावा म्हणून जे दाखवलं जातंय, ते संग्रहालयानंच पुसून टाकलंय. आणि ती छटाही रंगाचीच होती, चर नव्हतेच.

मग बशीवर रेघा नव्हत्याच का? होत्या. पेन्सिलीच्या. मध्यातून निघणाऱ्या आणि गोल फिरणाऱ्या, बारीक, जवळ गेल्याशिवाय न दिसणाऱ्या. संदेशातला खरेपणा तेवढाच, आणि तिथूनच पुढचा सगळा घोटाळा सुरू होतो.

घोटाळा मापाचा आहे. जहाजाची लांबी धरतात २८९ मीटर. मॉडेल १३५ इंच, म्हणजे साधारण ३.४३ मीटर. प्रमाण झालं १:८४च्या आसपास. अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलरेघ जहाजावर सव्वाचार सेंटिमीटर रुंद होते, पण खोली शून्य. आता १:३५०चं किट घ्या, लांबी ८२ सेंटिमीटरच्या वर. त्यावर ०.३ मिलिमीटर रुंद आणि ०.२ खोल चर पाडला, तर जहाजावर तो साडेदहा सेंटिमीटर रुंद आणि सात खोल. १:१०००च्या छोट्या किटवर तोच चर फूटभर रुंद आणि २० सेंटिमीटर खोल! कवच कसलं, नांगरलेलं रान झालं. साखर कारखान्यातली मळीची टाकी पन्नास पावलांवरून बघा. पत्र्याला पत्रा जोडलेला आहे हे माहीत असूनही सांधा शोधावा लागतो.

जेफरीज विमानांतला माणूस होता. बिघडणारं यंत्र आतून हाताला लागलं पाहिजे, दुरुस्तीसाठी माणसाला बाहेर अंतराळात काढायचं नाही, हा त्याचा विचार, म्हणून बाहेरचं अंग त्यानं मुद्दाम साधं ठेवलं.

१९७९चा मुद्दा लवकर आटपतो. कथेतच ते जहाज नव्यानं बांधून काढलेलं आहे, मॉडेलही वेगळं. आणि त्याच्या कवचावरची ती पत्र्यांसारखी दिसणारी प्रसिद्ध नक्षी मोतिया चमकेच्या रंगांनी रंगवलेली होती. टीव्ही पुसट होता, हेही अर्धंच खरं. चित्रीकरण ३५ मिलिमीटर फिल्मवर झालं होतं. २००६पासूनच्या आवृत्तीत मात्र जहाजाची दृश्यं कंप्युटरवर नव्यानं केली, तेव्हा त्यातलं चित्र काढून १९६६चा पुरावा म्हणून दाखवू नये.

काही किटांत रेघा कोरलेल्याच येतात. त्या बुजवताना घाई नडते. एन. सी. पुट्टीचा (गाड्यांच्या रंगकामात खळगे भरायला वापरतात ती) जाड थर दिला की वरून सुकते, आत ओली राहते, आठवड्यानं बसते आणि रंगाखालून रेघ पुन्हा डोकावते. शिवाय तिच्यातलं थिनर पातळ प्लास्टिक मऊ करतं. दोन-तीन पातळ हात द्या, मध्ये एकेक दिवस सोडा. ४००च्या वॉटर पेपरनं सुरुवात, ८००वर शेवट, कागद सपाट ठोकळ्यावर गुंडाळून. बोटानं घासलं की चराच्या जागी खळगा पडतो. मग करडा प्रायमर मारून बॅटरीचा उजेड आडवा टाका, राहिलेलं सगळं दिसतं.

आता पेन्सिलीच्या रेघा. त्या चमक नसलेल्या, मॅट रंगावरच उठतात. ०.३ची पेन्सिल, एच शिसं. गोलांसाठी बशीच्या मधल्या भोकात लाकडी बूच बसवून कंपासचं टोक त्यात रोवा. सरळ रेघांना पातळ प्लास्टिकची पट्टी, कारण पोलादी पट्टी उतारावर टेकत नाही. वरचं क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, पहिल्यांदा लांबून, फवाऱ्यासारखं. पहिलाच हात ओला मारला तर शिसं वाहतं आणि आठवड्याची मेहनत धुरकटते. जुलै-ऑगस्टात साताऱ्याकडच्या दमट हवेत लॅकर क्लिअर पांढुरकं चढतं. सुकणं लांबवणारं रिटार्डर घाला, किंवा सरळ उघडीप बघा.

रंग पांढरा नको. मूळ रंग हिरवट झाक असलेला फिकट करडा. पडद्यावर तो निळसर-पांढरा भासतो, त्याला दिवे आणि मागचा निळा पडदा कारण.

आणि ‘तंतोतंत स्टुडिओ मॉडेल’च करायचं असेल, तर डावी बाजूही तशीच करा. दिव्यांच्या वायरी तिकडून बाहेर काढलेल्या होत्या, म्हणून ती बाजू सजवलीच नव्हती. उलटं दृश्य हवं असलं की आकडे उलटे चिकटवून उजवीच बाजू चित्रित करायचे आणि फिल्म पलटायचे. डावीकडेही चर पाडलेल्या किटचा दुसरा फोटो संदेशासोबत आलाय, ते किट नेमकं कशाची नक्कल आहे, ते पाठवणाऱ्यानंच सांगावं.