आड वरून उघडा असतो, तळाशी नसतो

विहिरींचा गाळ काढायचे दिवस आले की एक निरोप फिरू लागतो. यंदा तो आमच्या भावकीच्या ग्रुपवरही आला. म्हणणं असं: आड वरून उघडा असतो, वारा आत खेळतो, त्यामुळे गॅस साचत नाही. शंका असलीच तर वरच्या फळ्या काढून दोन तास थांबा, मग कंदील सोडा. विझला नाही तर बिनधास्त उतरा. सोबत पुरावा म्हणून एक रंगीत चित्र: चौकोनी खड्डा, वरून जाणारा वारा, आत गरगरणारा भोवरा आणि खाली ‘कॉम्प्युटरने सिद्ध’ अशी ओळ. हवेच्या प्रवाहाचं गणित कॉम्प्युटरवर सोडवून असली चित्रं काढणं हेच माझं काम, म्हणून गप्प राहवलं नाही.

चित्र खोटं नाही. ते आडाचं नाही, एवढंच.

चौकोनी पोकळीत वरच्या प्रवाहामुळे एक मोठा भोवरा फिरतो, ही आमच्या विषयातली बाराखडी आहे. घिया, घिया आणि शिन या संशोधकांनी १९८२ साली अशा पोकळीची जी आकडेवारी छापली, तिच्याशी आपला प्रोग्रॅम जुळतो का, हे विद्यार्थी आजही ताडून बघतात. पण त्या पोकळीची खोली आणि रुंदी सारखी असते. आड दहा फूट रुंद आणि तीस-चाळीस फूट खोल. अशा खोल पोकळीत वरचा भोवरा साधारण रुंदीएवढ्या उंचीतच घुमत राहतो. त्याच्याखाली उलटा फिरणारा, मरगळलेला दुसरा. अगदी संथ, चिकट प्रवाहात असा प्रत्येक पुढचा भोवरा आधीच्यापेक्षा शेकडो पटींनी दुबळा असतो, हे मोफॅट या गणितज्ञाने १९६४ मध्ये गणिताने दाखवलं. खऱ्या वाऱ्याच्या खळबळीत घसरण इतकी तीव्र नसते, पण तळाशी पोचते ती झुळूकसुद्धा म्हणवत नाही. (उंच इमारतींमधल्या अरुंद गल्लीलाही छप्पर नसतं. धूर तरी तिथेच घोटाळतो.)

आता खरी गोम. चित्रातल्या वायूला वजनच नाही. तो हवेइतकाच हलका धरलेला आहे, आणि भिंत, तळ, वारा सगळ्यांचं तापमान एकच. सुरुवातीला मीही असंच गणित चालवायचो. लवकर सुटतं आणि चित्र देखणं येतं.

वजन घालून बघा. दहा टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा साध्या हवेपेक्षा सुमारे पाच टक्के जड होते. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने खाली येणारा भोवरा अशा थरात जेमतेम पाव मीटर घुसतो आणि परत वर ढकलला जातो. वारा त्या थराचा वरचा पापुद्रा सोलत राहतो, बाकीचा तसाच बसून. कॅमेरूनमधल्या न्योस सरोवरातून २१ ऑगस्ट १९८६ रोजी हाच वायू बाहेर पडला आणि दऱ्यांमधून वाहत गेला. सुमारे १,७०० माणसं गेली. दरी तर आडापेक्षा कितीतरी उघडी.

निरोपावर उलट टपाली आलेलं एक उत्तरही तितकंच अर्धवट होतं: ‘हायड्रोजन सल्फाइड जड असतो म्हणून तळाशी बसतो.’ सडक्या अंड्यासारखा वास येणारा हा विषारी वायू शुद्ध असेल तर जड खरा, हवेच्या सुमारे १.१८ पट. पण माणूस मारायला त्याचे हवेच्या दहा लाख भागांत हजार भागही पुरतात, आणि एवढ्याशा मिश्रणाचं जास्तीचं वजन म्हणजे हवा एका अंशाच्या विसाव्या भागाने गार झाल्याइतकं. त्याला खाली धरून ठेवते ती आडातली गार हवा. मे महिन्यात बाहेर रणरण आणि तळाशी दहा अंश गारवा असला, तर ती हवा तीनेक टक्के जड असते आणि हलत नाही. हिवाळ्यातल्या रात्री उलट: बाहेरची हवा जास्त गार, ती खाली उतरते आणि आतली वर येते. म्हणजे आड श्वास घेतो तो नेमका आपण त्यात न उतरण्याच्या दिवसांत.

दोन तासांचा हिशेब सोपा आहे. निश्चल हवेत हा कार्बन डायऑक्साइड नुसता विरत विरत दहा मीटर वर यायचा तर महिन्याच्या घरात वेळ लागतो. ब्लोअर लावायचा असेल तर पाइपचं तोंड तळाजवळ न्यायला हवं. कठड्यावरून आत फुंकलेली हवा गार थरावर आपटून कठड्यावरूनच परत जाते.

कंदिलाबद्दल थोडक्यात. विझला तर उतरू नका, इथपर्यंत ठीक. पण ज्योत ऑक्सिजन सुमारे १६ टक्क्यांवर येईपर्यंत तग धरते, आणि तेवढ्या ऑक्सिजनवर माणसाचं डोकं काम करेनासं होतं. हायड्रोजन सल्फाइड तिला कळतच नाही. मिथेन ५ ते १५ टक्के असेल तर ती भडका उडवते. हायड्रोजन सल्फाइडच्या वासावरही विसंबू नका, कारण तो दहा लाखांत शंभर-दीडशे भागांच्या पुढे गेला की नाकच बधिर होतं.

अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यात नेवासे तालुक्यातल्या वाकडीला एप्रिल २०२४ मध्ये शेणाच्या स्लरीने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एकामागून एक उतरलेले पाच जण गेले. वाचला तो कमरेला दोर बांधून उतरलेला. मांजर पडलं म्हणजे तोंड उघडंच होतं.

आणखी एक गोष्ट त्या चित्रात मावत नाही. तिथे वायू एका ठरावीक दराने निघतो. प्रत्यक्षात गाळात पहिलं फावडं पडताच त्यात अडकलेले बुडबुडे एकदम सुटतात. त्यामुळे उतरण्याआधी दोरीने सोडून घेतलेलं गॅस मीटरचं रीडिंग हे न ढवळलेल्या आडाचं असतं. मीटर उतरणाऱ्याच्या छातीवर चालू हवा, आणि दोराचं दुसरं टोक वरच्या माणसांच्या हातात.