फंडपेटीच्या दोन चाव्या : दत्तारामबाबांना उत्तर

दत्तारामबाब, गिटहबवर, म्हणजे कोड एकत्र ठेवायच्या साइटवर, कोणाला किती परवानगी द्यावी हे मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंय, "फोंड्याला आमचं पाच जणांचं ऑफिस. गिटहबवर सगळेच ॲडमिन (सगळे अधिकार असलेले), सहा वर्षांत काही बिघडलं नाही. परवानग्यांचं हे सोवळं मोठ्या कंपन्यांना शोभतं, आम्हाला माणसांवर विश्वास आहे."

एक आधीच कबूल करतो. पाच जणांसाठी चार टीम, म्हणजे परवानग्यांचे चार गट, करा हा त्यातला माझा सल्ला अतिच झाला. एक टीम पुरे. तो परिच्छेद काढतोय.

पण विश्वासाचं म्हणाल तर आमच्या गावच्या देवळातल्या फंडपेटीला दोन कुलपं आहेत, चाव्या दोन घरांत. म्हणून त्या दोघांना कोणी चोर म्हणत नाही. उलट हिशेबात दहा रुपये कमी आले तरी एकट्यावर बोट जात नाही.

तुमच्या मुलांना रोज लागतं काय? कोड पुश करणं म्हणजे वर चढवणं, पुल रिक्वेस्ट मर्ज करणं म्हणजे दुसऱ्याने सुचवलेला बदल मूळ कोडात मिसळणं. त्याला 'राइट' ही लिहिण्याची परवानगी पुरते. 'ॲडमिन'ने वर मिळतं ते रिपॉझिटरी (प्रकल्पाच्या कोडची पेटी) उडवणं, खाजगी होती ती सार्वजनिक करणं आणि डिप्लॉय की, म्हणजे सर्व्हरला त्या कोडपर्यंत पोचू देणारी चावी, जोडणं. या शेवटच्या गोष्टीनेच आम्हाला घाम फोडला.

आमचा एक मुलगा नोकरी सोडून गेला. रीतसर निरोप दिला, त्याच दिवशी ऑर्गनायझेशनमधून, म्हणजे गिटहबवरच्या आमच्या कंपनीच्या खात्यातून, त्याचं नाव काढलं. त्याचे टोकन (पासवर्डऐवजी वापरायचे संकेत) आमच्या कोडसाठी निकामी झाले, आम्ही निर्धास्त. आठ महिन्यांनी, चवथीच्या आदल्या दिवशी, मी माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) बाजारात कांगलां ही रानफळं निवडत असताना त्याचाच फोन. "दादा, जुना लॅपटॉप मडगावला विकला. त्यात सर्व्हरसाठी केलेली एक की राहिली की काय, बघ जरा." बघितलं तर की जिवंत, तीही लिहिण्याच्या परवानगीसकट. डिप्लॉय की रिपॉझिटरीला चिकटलेली असते, माणसाला नाही. माणूस गेला तरी ती राहते. त्याने ती जोडली होती ॲडमिन म्हणून, कोणाला विचारायची गरजच नव्हती. मुलगा सोन्यासारखा, म्हणून तर फोन केला! विश्वास कुठे कमी पडला सांगा.

आता यावर तुम्ही एकट्याच्याच हातात सगळं ठेवाल, तर तेही नको. ओनर, म्हणजे ऑर्गनायझेशनचा पूर्ण ताबा असलेले, निदान दोघे असावेत असं गिटहबच सांगतं. तुम्ही आणि वहिनी असाल तरी चालेल, त्या हिशेब बघतात म्हणालात ना.

आज जमलं तर प्रत्येक रिपॉझिटरीच्या सेटिंग्जमध्ये डिप्लॉय कीज उघडा. कोणी जोडली, शेवटची कधी वापरली, तिथेच दिसतं. ओळखीच्या किती निघाल्या ते इथे कळवा.