चूक कोणाची ते नंतर, आधी बिल कोण भरणार?

मिशिगनमधला माझा तिसराच हिवाळा. नोव्हाय गावातल्या एका सिग्नलला थांबलो होतो, रस्ता बर्फाने गुळगुळीत, आणि मागून धाडकन बसली. चिंचवडच्या सवयीने "दिसत नाही का रे?" हे वाक्य ओठांवर घेऊनच खाली उतरलो. समोरचा बिचारा आधीच "सॉरी, सॉरी" करत होता. पोलीस आले, कागद झाले. खरा धक्का दुसऱ्या दिवशी फोनवर बसला. एजंट बाई म्हणाल्या, गाडीची दुरुस्ती तुमच्याच पॉलिसीतून होणार, मानेची फिजिओथेरपीही तुमच्याच पॉलिसीतून. गाडीच्या नुकसानीपोटी समोरच्याकडून फार तर पाचशे डॉलर मागता येतील (आता ती मर्यादा 3,000 आहे).

"अहो, पण चूक त्याची होती!"

"हो, होती की," बाई शांतपणे म्हणाल्या, आणि फिजिओचा पत्ता दिला.

हा इथला नो-फॉल्ट कायदा, 1973 पासूनचा. अपघातात जखमी झालात की उपचार आणि बुडालेल्या पगाराचा मोठा हिस्सा तुमची स्वतःची विमा कंपनी देते. दोष कोणाचा, हे न विचारता. दुखापत खरोखरच गंभीर असेल तरच यातनांच्या भरपाईसाठी समोरच्यावर दावा करता येतो. उपचारांच्या खर्चाला तर वरची मर्यादाच नव्हती, आयुष्यभर. मला तेव्हा हे सगळं अन्यायाचं वाटलं होतं. मत बदललं ते 2011 साली, मामांचा पाय गेल्यावर.

चाकण रस्त्यावर ट्रकने त्यांच्या स्कूटरला उडवलं. दवाखान्याने आधी डिपॉझिट मागितलं, मामींच्या बांगड्या गहाण पडल्या. दोष न बघता भरपाई देणारं कलम आपल्याकडेही होतंच, मोटार वाहन कायद्यातलं 140. त्याखाली कायमच्या अपंगत्वाला 25,000 रुपये आणि मृत्यूला 50,000. हे आकडे 1994 चे. थेट 2022 पर्यंत तेच राहिले! उरलेल्या रकमेसाठी क्लेम टाकला, आणि ट्रकवाला किती वेगात होता, मामांनी वळताना हात दाखवला होता का, यावर न्यायाधिकरणात सहा वर्षं गेली. शेवटी पैसे दिले ते ट्रकच्या विमा कंपनीनेच. ड्रायव्हरच्या खिशातून एक रुपया गेला नाही.

म्हणूनच, नो-फॉल्टमुळे बेफिकीर चालवणाऱ्यांचं फावेल, असं माझा भाऊ म्हणतो तेव्हा मला ते पटत नाही. थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्याकडे आजही भरपाई बहुतेक वेळा कंपनीच देते. चुकीची शिक्षा फौजदारी कोर्टाने द्यावी, लायसन्स जावं, तुरुंग व्हावा. मे 2024 मध्ये कल्याणीनगरला पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला आणि अल्पवयीन चालकाला 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला, तेव्हा घरच्या ग्रुपवर जो संताप उसळला तो रास्तच होता. मीही त्यात होतो. पण त्या शेकडो मेसेजांत एकानेही विचारलं नाही की रोज पुणे-नाशिक रस्त्यावर जखमी होणाऱ्या, बातमीत न येणाऱ्या माणसाचं पहिल्या रात्रीचं बिल कोण भरतं.

मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने रक्कम वाढवली (लागू झाली 2022 मध्ये), हे मान्य. नव्या कलम 164 खाली मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, तेही दोष सिद्ध न करता. मे 2025 पासून अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा कॅशलेस उपचार मिळण्याची योजनाही आली आहे. ती मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण ती डिपॉझिटच्या खिडकीवरच उपयोगी पडते. पण एक खोच आहे. जुन्या 140 चे पैसे हा पहिला हप्ता असायचा, पुढचा दावा चालू राहायचा. आता 164 ची रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणातला दावा संपतो. घरात कमावतं माणूस नाही, दारात सावकार आहे, अशा वेळी पाच लाखांचा चेक कोण नाकारेल? रस्त्यावरच्या मांडवलीला कायद्याचा शिक्का मिळाल्यासारखं झालं हे.

मग मिशिगन आदर्श का? तेही नाही. आमच्याकडचे प्रीमियम, त्यातही डेट्रॉईट शहरातले, देशात सर्वाधिक महाग म्हणून बदनाम होते. 2019 मध्ये गव्हर्नर व्हिटमर यांनी नव्या कायद्यावर सही केली. 2020 पासून अमर्याद संरक्षणाऐवजी 5 लाख किंवा अडीच लाख डॉलरची मर्यादा निवडता येऊ लागली. 2021 पासून मेडिकेअरमध्ये (वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात) दर नसलेल्या सेवांना पूर्वीच्या दराच्या फक्त 55 टक्के पैसे, आणि घरच्यांनी केलेल्या शुश्रूषेला आठवड्याला 56 तासांपुरतेच. मणका मोडलेल्या, मेंदूला मार बसलेल्या माणसांची देखभाल करणाऱ्या कित्येक संस्था बंद पडल्या. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये निकाल दिला की बदलाच्या आधी जखमी झालेल्यांना ही कपात लागू नाही. त्यांचं निभावलं. नंतरच्यांसाठी दर वाढवायची विधेयकं येतात आणि अडकतात.

आणि 2020 मध्ये नूतनीकरणाचा फॉर्म आला तेव्हा मी काय केलं? अडीच लाखांवर खूण केली. नोकरीचा हेल्थ इन्शुरन्स आहेच, म्हटलं. तो वर्षानुवर्षं घरी येऊन अंघोळ घालणाऱ्या माणसाचा पगार देत नाही, हे बायकोने विचारेपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं. मामांना मामी अंघोळ घालायच्या. त्या तासांचा हिशोब कोणत्याच न्यायाधिकरणाने मांडला नाही.

पुढच्या नूतनीकरणाला खूण बदलली. प्रीमियम वाढला. भावाला सांगितलं तर म्हणतो, "पण तुला धडक कोणी मारली, हे तर विचारशील ना?"

विचारेन. फिजिओला जाऊन आल्यावर.